सुई वर चढते, पण खाली थेंब नाही

गाडीचं विचारा : वाचकांचे प्रश्न, मानेवाडा रिंग रोडवरच्या गॅरेजमधून उत्तरं

प्रश्न : नमस्कार दादा. मी त्रिमूर्ती नगरात राहते आणि बुटीबोरीला एका शाळेत शिकवते. रोजचं येणं-जाणं ५५-६० किलोमीटर होतं. पेट्रोलवरची छोटी गाडी आहे, नऊ वर्षांची, ९४ हजार किलोमीटर झालेली. महिनाभरापासून बाटलीतलं कूलंट आठवड्याला दोन बोटं उतरून राहिलं आहे. गाडीखाली पुठ्ठा टाकून पाहिला, एक थेंब सापडला नाही. सकाळी चालू केली की समोरून रातकिड्यासारखा आवाज येतो आणि दहा मिनिटांत बंद होतो. मागच्या मंगळवारी वर्धा रोडवर तापमानाची सुई लाल रेघेला लागायचीच बाकी होती. एक मेकॅनिक रेडिएटर बदला म्हणतो. दुसऱ्याने हेड गास्केट गेली असं सांगून हेड खोलायचा हिशेब हातात दिला. कोणाचं ऐकू? आणि तोपर्यंत गाडी चालवू का?
– एक वाचक, त्रिमूर्ती नगर

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. चालवू नका. आठवडाभर बसने किंवा कोणाच्या सोबतीने शाळेत जा. आत्ता गेला असेल तर एक पंप गेला असेल. एकदा सुई लाल रेघेच्या वर जाऊन ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकलं, की मग त्या दुसऱ्या मेकॅनिकचा हिशेब खरा ठरेल.

आता कोणाचं ऐकायचं ते. तुमच्या पत्रावरून माझा पहिला संशय वॉटर पंपावर आहे. आमच्या धंद्यात त्याला वॉटर बॉडी म्हणतात, बिलावर तसं लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका. पण संशय म्हणजे निदान नाही. एकही बोल्ट खोलण्याआधी गाडी थंड असताना तासाभराच्या तपासणीत हे नक्की करता येतं, आणि ती तासाभराची तपासणी तुमच्या गाडीची दोन्ही ठिकाणी झालेली दिसत नाही. माझी हरकत तेवढीच आहे.

पंपाचं काम कूलरवरून सांगतो. कूलरच्या टाकीतला पंप पाणी वर चढवतो, ते वाळ्याच्या ताट्यांवरून झिरपत पुन्हा टाकीत येतं. पंप बंद पडला की पंखा चालू असूनही खोलीत भट्टीची हवा येते. गाडीतही तसंच आहे. पंप रेडिएटरच्या खालच्या होज पाईपमधून निवलेलं पाणी, म्हणजे कूलंट, ओढतो आणि ब्लॉकमध्ये (इंजिनच्या धडात), मग हेडमध्ये ढकलतो. तिथून तापलेलं पाणी थर्मोस्टॅट (तापल्यावर उघडणारी झडप) उघडला की वरच्या होजने रेडिएटरला परत जातं. पंपाच्या पोटात एक पात्यांची चकती, एक दांडा, एक बेअरिंग आणि एक सील असतं. दांड्याच्या एका टोकाला पाणी आणि दुसऱ्या टोकाला बेल्टवर फिरणारी पुली. पाण्याने बेअरिंगकडे येऊ नये म्हणून मध्ये सील. सगळा खेळ त्या सीलचा आहे.

सील आणि बेअरिंगच्या मधोमध पंपाच्या अंगाला खालच्या बाजूने एक भोक ठेवलेलं असतं, ज्वारीचा दाणा जाईल एवढं. त्याला वीप होल म्हणतात. सीलमधून पाणी पाझरायला लागलं तर ते बेअरिंगचं ग्रीस धुऊन न काढता बाहेर पडावं, यासाठी ते मुद्दाम दिलेलं आहे. म्हणजे पंप बंद पडायच्या आधी महिना-दोन महिने तो या भोकातून सांगत असतो. माझ्याकडे एक गाडी आली होती, तिच्या पंपाचं हे भोक कोणीतरी एमसील लावून बुजवलं होतं. गळती थांबली, मालक खूश. तीन आठवड्यांनी आतल्या आत बेअरिंग धुऊन निघालं, पुली तिरपी झाली आणि बेल्ट तुटून गाडी कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे उभी राहिली. ज्याने बुजवलं त्याला ते भोक कशासाठी आहे हेच माहीत नव्हतं. म्हणून एवढं लांबवून सांगतो आहे.

तुमच्या पुठ्ठ्यावर थेंब का नाही, तर या भोकातून पाणी एकदम ओतत नाही. एक-एक थेंब येतो, गरम इंजिनवर पडून वाळतो, फिरत्या पुलीने उडतो, आणि उरलेला इंजिनखालच्या प्लास्टिकच्या पत्र्यात साचतो. जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. पाणी उडून गेलं तरी कूलंटमधला रंग आणि क्षार मागे राहतात. तीच खूण शोधायची.

मी हे असं बघतो. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे, इंजिन पूर्ण थंड. एक छोटा टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा काडीवरचा गोल आरसा घेतो. काही गाड्यांत पंप समोरच दिसतो, काहींत चाक काढून आतलं झाकण बाजूला करावं लागतं. आरसा पंपाच्या खाली सरकवून टॉर्च आरशावर मारायचा. गेल्या पंधरवड्यात अशीच एक गाडी पाहिली. भोकापासून खाली दोन इंच गुलाबी ओघळ वाळून बसला होता, कडेला पांढरट आणि खरखरीत, नख लावलं की मिठासारखा सुटत होता. मी टॉर्च तसाच धरून थांबलो. चारेक मिनिटांनी भोकाच्या काठावर एक थेंब फुगला, थरथरला आणि ओघळावरून खाली गेला. एवढं दिसल्यावर मालकाला दुसरा पुरावा द्यावा लागला नाही. मी त्यांना आरसा हातात देऊन दाखवलं, तुम्हीही कोणत्याही मेकॅनिकला दाखवायला सांगा.

नुसता पुसट डाग असेल तर घाई करायची नाही. नव्या सीलमधूनही सुरुवातीला थोडा ओलावा येऊन डाग पडतो. अशा वेळी प्रेशर टेस्टर लावतात. रेडिएटरचं झाकण काढून तिथे हातपंप बसवायचा आणि झाकणावर जेवढा दाब छापलेला असेल, बऱ्याच गाड्यांत ०.९ किंवा १.१ बार, तेवढाच भरायचा. जास्त नाही. पंधरा मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. काटा उतरला की कुठेतरी गळती आहे, आणि दाबाखाली ती डोळ्यांना दिसते. तुमच्या पहिल्या मेकॅनिकने रेडिएटर सांगितला, तो फुटलेला असेल तर तेही इथेच कळेल. खुद्द झाकणही तपासून घ्या. त्याचं रबर कडक झालं की पाणी दाब धरत नाही, लवकर उकळतं आणि सगळी चिन्हं मोठ्या बिघाडासारखी दिसतात. झाकण ही सगळ्यात स्वस्त वस्तू आहे, आणि मी नेहमी तिथूनच सुरुवात करतो.

आवाजाचं सांगतो. सकाळचा रातकिडा नेहमी पंपाचाच असतो असं नाही. चालू इंजिनवर लांबून बेल्टच्या दातांवर थोडं पाणी शिंपडायचं. आवाज क्षणभर गेला आणि परत आला तर बेल्ट कडक झालाय. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंग. कोणतं बेअरिंग, ते लांब पेचकस सांगतो. टोक पंपाच्या अंगावर, मूठ कानाच्या हाडावर, आणि ओढणी, बाही, केस बेल्टपासून दूर. हे तुम्ही करू नका, मेकॅनिकला करू द्या. चांगलं बेअरिंग नुसतं गुणगुणतं. खराब झालेल्यात जात्यात खडा आल्यासारखी घरघर ऐकू येते. अल्टरनेटर, आयडलर (बेल्टला वळण देणारी मोकळी पुली) आणि पंप या तिन्हींवर फिरून बघितलं की चोर सापडतो. मग इंजिन बंद, बेल्ट उतरवायचा, पंपाची पुली वर-खाली धरून हलवायची. जरासुद्धा खेळ जाणवला, किंवा हाताने फिरवताना अडकत फिरली, तर तो पंप बदलायचा.

हेड गास्केट म्हणजे ब्लॉक आणि हेडच्या मधलं पॅकिंग. तिचं भूत उतरवणं सोपं आहे. थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करायची. आत सतत, एका लयीत बुडबुडे येत राहिले तर गास्केट संशयात. सुरुवातीचे चार-दोन बुडबुडे मोजू नका. ऑइल भरायच्या झाकणाला आतून कॉफीसारखा फेस, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर, ही त्याची बाकीची लक्षणं. आणखी खात्री हवी तर एक निळं रसायन मिळतं. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली आणि पेट्रोल गाडीत ते पिवळं पडलं, की जळलेला वायू पाण्यात शिरतोय हे पक्कं. ही तपासणी न करता हेड खोलायचं म्हणणाऱ्याला मी गाडी देणार नाही. आणि हो, गाडीच्या आत गोडसर वास येत असेल किंवा डाव्या पायाखालचा गालिचा ओला असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय, तो वेगळा विषय.

एक प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा. सुई नक्की कुठे चढते? अजनी चौकाच्या सिग्नलला चढते आणि गाडी धावायला लागली की उतरते, तर रेडिएटरचा पंखा, त्याचा फ्यूज किंवा रिले बघायला हवा. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना किंवा घाटात चढते, तर पाणीच पुरेसं फिरत नाही. मग पंपाची पाती झिजलेली असतील, थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असेल किंवा रेडिएटर चोंदला असेल. काही पंपांत पाती प्लास्टिकची असतात. ती दांड्यावर तडकली की पुली फिरते, पाती जागच्या जागी. बाहेरून एक थेंब गळत नाही आणि गाडी मात्र तापते. तुमचं पाणी उतरतंय, आवाज आहे आणि रोजचा रस्ता मोकळा आहे, म्हणून मी पंपाकडे झुकतो.

आता बदलण्याबद्दल. हे काम मी १९९३ मध्ये हिंगण्याला, एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत शिकलो. आमचे उस्ताद जुना पंप निघाल्यावर नव्याला हातच लावू देत नसत. दोन्ही पंप शेजारी-शेजारी ठेवायचे, पात्यांची उंची, पात्यांचा कल, पुलीच्या तोंडाची उंची, प्रत्येक बोल्टचं भोक जुळवायचं. हे आजही करतो. डब्यावरचा नंबर बरोबर आणि आतला पंप वेगळा, असं माझ्या हातून दोनदा निघालंय. बसवल्यावर कळलं असतं तर सगळं पाणी पुन्हा काढावं लागलं असतं.

तुमच्या गाडीत पंप साध्या बाहेरच्या बेल्टवर असेल तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. तो टायमिंग बेल्टच्या (इंजिनचे वॉल्व्ह वेळेवर उघड-बंद करणाऱ्या आतल्या बेल्टच्या) मागे असेल तर मात्र दिवस जातो, आणि त्या वेळी बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर एकत्रच बदलून घ्या. मजुरी एकदाच लागते. कूलंटने भिजलेला टायमिंग बेल्ट परत बसवून देणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. बऱ्याच इंजिनांत तो बेल्ट सुटला की पिस्टन वॉल्व्हला जाऊन आदळतो. कोणत्या गाडीत काय आहे ते कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, तोंडी अंदाजावर राहू नका.

काम चालू असताना तुम्ही तिथे थांबणार असाल तर या गोष्टी बघा. पुलीचे बोल्ट बेल्ट ताणलेला असतानाच ढिले करायचे असतात, नंतर पुली गरगर फिरते आणि बोल्टची डोकी गोल होतात. पंपाचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. मी पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवतो. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर ब्लॉकला चीर पडू शकते. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं. लोखंडी पातं ॲल्युमिनियमवर ओढलं की ओरखडा पडतो आणि तिथूनच पाणी पाझरतं. सिलिकॉन भरपूर चोपडणं ही आमच्याकडची वाईट सवय आहे. बाहेर दिसतं तेवढंच आत वळतं, त्याचे तुकडे सुटून थर्मोस्टॅटमध्ये आणि रेडिएटरच्या नळ्यांत अडकतात. पॅकिंग कोरडं बसवायला सांगितलं असेल तर कोरडंच बसवायचं. बोल्ट आमनेसामने, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने (पीळ मोजणाऱ्या पान्याने) कसायचे. १० नंबरच्या पान्याच्या छोट्या बोल्टांना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. ताकदवान माणूस तेवढे मनगटाच्या एका झटक्यात ओलांडतो.

मग हवा काढणं. अर्ध्या तक्रारी इथेच जन्माला येतात. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी आधी बादलीत मिसळून सावकाश भरायचं. गाडीचं तोंड थोडं चढावर, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, इंजिन नुसतं चालू. वरचा होज एकदम गरम होईल, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहायचं. हीटरमधून गरम हवा येत नसेल तर आत हवा अडकलेली आहे. दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी पुन्हा बघा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. किंचित उतरणं चालतं. रोज उतरलं तर परत न्या.

आणि ताई, वाटेत पुन्हा सुई चढलीच, तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात, मग बाजूला घेऊन इंजिन बंद. त्या उन्हात हीटर लावणं सोसत नाही, पण इंजिनची उष्णता तेवढी कमी होते. झाकणाला पाऊण तास तरी हात लावायचा नाही. आत पाणी शंभराच्या वर तापलेलं असतं आणि केवळ दाबामुळे उकळत नसतं. झाकण सैल झालं की एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. हिंगण्याला माझ्या डोळ्यांदेखत एका सोबत्याची छाती आणि हनुवटी भाजली होती, फडकं धरून झाकण फिरवलं तरी.

प्रश्न : काका, आमच्या घरी बोअर आहे. दर उन्हाळ्यात मी रेडिएटर त्याच पाण्याने भरतो, कूलंट महाग पडतं. पाच वर्षांत तीन वॉटर बॉडी बदलल्या. स्पेअर पार्टच खराब येऊन राहिले का?
– एक वाचक, काटोल रोड

उत्तर : भाऊ, पार्ट खराब नाहीत, पाणी खराब आहे. मे महिन्यात तुमच्या कूलरच्या ताट्या हातात घेऊन बघा. काडी-काडीवर पांढरा थर बसलेला दिसेल. बाथरूममधल्या गीझरची कॉइल बघा. तोच क्षार गाडीत बसतो, आणि सीलचे जे दोन गुळगुळीत चेहरे एकमेकांवर फिरतात त्यांच्यामध्ये तो वाळूसारखा घासतो. वर साध्या पाण्यात गंजरोधक नसतं, म्हणून पात्यांना खड्डे पडतात. शिवाय साधं पाणी शंभरला उकळतं, निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावरही १०७-१०८ अंशांपर्यंत तग धरतं आणि झाकणाच्या दाबाखाली त्याहून बरंच वर. नवतपात बाहेर ४५ अंश असताना ही सवलत फार मोलाची आहे.

तीन पंपांच्या पैशात दहा वर्षांचं कूलंट आलं असतं. आता एकदा सगळं पाणी काढून डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतो तेच पाणी, पेट्रोल पंपावर मिळतं. मग कंपनीने सांगितलेलं कूलंट भरा. हिरव्यात गुलाबी मिसळू नका, आणि नुसता रंग सारखा आहे म्हणून एकच समजू नका. डब्यावरचा प्रकार वाचा.

प्रश्न : आमचा मेकॅनिक म्हणतो, नागपुरात थर्मोस्टॅटची गरज नाही, काढून टाका, गाडी थंड राहील. काढू का?
– एक वाचक, सक्करदरा

उत्तर : नाही. इंजिनला ठरलेल्या तापमानावर पोहोचायचं असतं, बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतात. तो काढला की हिवाळ्यात इंजिन थंडच राहतं, कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तो नसला की पाणी रेडिएटरला न जाता तिथल्या तिथे फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. बिघडलाय असं वाटत असेल तर काढून उकळत्या पाण्याच्या भांड्यात दोरीने सोडा, उघडताना डोळ्यांनी दिसतो. उघडला नाही तर नवा घ्या.

प्रश्न : पंप गळतोय. गावाकडे जायचं आहे. रेडिएटरमध्ये हळद टाकली तर थांबेल का? बाजारात पावडरही मिळते.
– एक वाचक, पारडी

उत्तर : रेडिएटरच्या सुईएवढ्या छिद्राला हळद तात्पुरती लागते, हे खरं आहे. पंपाचं सील फिरतं आहे, तिथे काही चिकटत नाही. पावडर मात्र हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. गावाला दुसऱ्या वाहनाने जा.

प्रश्न : पंप घरीच बदलला. काढलेलं जुनं कूलंट साडेचार लिटर टबमध्ये आहे. नालीत टाकू का?
– एक वाचक, हुडकेश्वर

उत्तर : टाकू नका, आणि तो टब आत्ताच झाका. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड लागतं. कुत्री-मांजरं आवडीने चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. लहान मुलांनाही तेवढाच धोका. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या मोठ्या वर्कशॉपमध्ये घेतात का ते विचारा. जमिनीवर सांडलेलं भरपूर पाण्याने धुण्याआधी मातीने किंवा लाकडाच्या भुशाने टिपून घ्या.